बीथोव्हेनचे यकृत

बीथोव्हेनचे नाव निघाले की बहुतेकांना त्याचा बहिरेपणा आठवतो. पाश्चात्त्य संगीत फारसे न ऐकणाऱ्यांनाही ठाऊक असते, की या माणसाने कान गेल्यावरही सिंफनी रचल्या. पण त्याचा जीव गेला तो यकृतामुळे. पोटात पाणी भरून, अंग पिवळे पडून, शेवटचे दोन दिवस बेशुद्धीत काढून वयाच्या ५६ व्या वर्षी तो वारला. त्यानंतर जवळजवळ दोनशे वर्षे लोक एकच निकाल देत आले, की दारूने गेला. यकृताच्या जवळजवळ प्रत्येक रुग्णाला हा निकाल ऐकावा लागतो. आयुष्यात दारूला न शिवलेल्या बाईचे पोट पाण्याने फुगले तरी शेजारीपाजारी तिच्या नवऱ्याकडे नाहीतर तिच्याकडेच संशयाने पाहतात. बीथोव्हेनच्या बाबतीत हा निकाल अपुरा होता, हे आता बरेचसे स्पष्ट झाले आहे आणि तेही त्याच्या केसांमुळे.

जर्मनीतल्या बॉन शहरात १७ डिसेंबर १७७० रोजी त्याचा बाप्तिस्मा झाला. आजोबा दरबारातले प्रमुख संगीतकार. जोडीला वाइनचा व्यापार. आजीला दारूचे व्यसन जडले आणि अखेर तिला मठात ठेवावे लागले. वडील योहान दरबारात गायक होते. तेही पीत, आणि आई १७८७ मध्ये क्षयाने गेल्यावर फारच पिऊ लागले. तेव्हा विशीही न गाठलेल्या लुडविगने दरबाराकडे अर्ज करून वडिलांचा अर्धा पगार आपल्या हाती देण्याची सोय करून घेतली, कारण धाकट्या दोन भावांचे पोट भरायचे होते. रुग्णाची हकीकत लिहून घेणारा कोणताही डॉक्टर हा मजकूर अधोरेखित करील. घराण्यात दारू होती, आणि ती मुलाने जवळून पाहिली होती.

१७९२ मध्ये तो व्हिएन्नाला आला, हायडनकडे शिकला, पियानोवादक म्हणून गाजला. त्याच सुमारास पोटाची तक्रार सुरू झाली होती. कळा, जुलाब, मधूनच चार दिवस बरे, पुन्हा तेच. १८०१ मध्ये त्याने वेगेलर या आपल्या डॉक्टर मित्राला सविस्तर पत्र लिहिले, त्यात कान आणि पोट या दोन्ही तक्रारी शेजारीशेजारी आहेत. डॉक्टरांनी डॅन्यूब नदीच्या कोमट पाण्याचे स्नान सांगितले, दंडांवर कातडी भाजून फोड आणणारी साल बांधली. उपयोग काही झाला नाही.

पुढच्या वर्षी, ऑक्टोबर १८०२ मध्ये, व्हिएन्नाजवळच्या हायलिगेनश्टाट या गावी त्याने भावांना उद्देशून एक मृत्युपत्रवजा कागद लिहिला. तो कधी पाठवला नाही, मरणानंतर सामानात सापडला. त्यात एक विनंती आहे. आपण मेल्यावर प्रोफेसर श्मिट जिवंत असतील तर त्यांनी आपल्या आजाराचे वर्णन लिहावे आणि ते या कागदाला जोडावे, म्हणजे निदान मेल्यावर तरी जगाचा आपल्याबद्दलचा गैरसमज दूर होईल. डॉक्टर श्मिट १८०९ मध्येच वारले. विनंती तशीच राहिली.

१८२१ च्या उन्हाळ्यात त्याला कावीळ झाली. त्याच्या आजाराच्या कहाणीत हे वळण महत्त्वाचे आहे, म्हणून यकृताबद्दल थोडे सांगायला हवे.

उजव्या बरगड्यांखालचा हा सुमारे दीड किलोचा अवयव रक्तातली प्रथिने बनवतो, रक्त गोठवणारे घटक तयार करतो, साखर साठवतो, विषारी द्रव्ये निकामी करतो आणि पित्त बाहेर टाकतो. त्याच्या पेशी मरतात तशा नव्या तयार होतात. शस्त्रक्रियेत यकृताचा निम्म्याहून जास्त भाग काढला तरी उरलेला भाग वाढून भरपाई करू शकतो. शरीरातल्या दुसऱ्या कुठल्या मोठ्या अवयवाला हे जमत नाही.

पेशींचे मरण दोन तऱ्हांनी येते. एक एकाएकी. पॅरासिटॅमॉलच्या गोळ्यांचा अतिरेक, विषाणूंचा जोरदार हल्ला, उंदरांच्या विषारी मलमातला पिवळा फॉस्फरस, विषारी अळंबी किंवा रक्तदाब कोसळल्याने तुटलेला रक्तपुरवठा, यांपैकी काहीही काही दिवसांत यकृताचा मोठा भाग मारू शकते. मेलेल्या पेशींतली द्रव्ये रक्तात सांडतात. चाळीसच्या आसपास असायला हवी ती एसजीपीटी हजारांत जाते. रुग्ण गोंधळल्यासारखा बोलू लागतो, रक्त गोठत नाही. पॅरासिटॅमॉलवर उतारा आहे, पण तो लवकर द्यावा लागतो. काही कारणांवर प्रत्यारोपणाखेरीज इलाज उरत नाही.

दुसरे मरण सावकाश, वर्षानुवर्षे चालणारे. रोज थोड्या पेशी मरतात, थोड्या नव्या येतात, पण जिथे जखम वारंवार होते तिथे व्रण धरतो. हळूहळू व्रणांच्या दोऱ्या सगळ्या यकृतातून विणल्या जातात आणि त्यांच्या मध्ये अडकलेल्या जिवंत पेशींच्या गाठी होतात. मऊ यकृत आकसते, कडक होते. यालाच सिरॉसिस म्हणतात. आतड्यांकडून येणाऱ्या रक्ताला या कडक यकृतातून वाट मिळत नाही, म्हणून मागे दाब वाढतो. प्लीहा सुजते, अन्ननलिकेतल्या शिरा फुगतात, पोटात पाणी साचते. आणि हे सगळे होईपर्यंत दुखत काहीच नाही, कारण यकृताच्या आतल्या भागाला वेदना कळत नाहीत. फक्त त्याच्या वेष्टनाला कळतात.

१८२१ ची कावीळ म्हणजे ताजा विषाणुसंसर्ग होता, की आधीच सुरू असलेल्या आजाराचा भडका, हे त्या काळी कळण्यासारखे नव्हते. कावीळ ओसरली. माणूस कामाला लागला. आपल्याकडे अजूनही कावीळ झाली की माळ घालतात, गावठी औषध नाकात टाकतात, कुणी ती उतरवून देतो आणि दोन-तीन आठवड्यांत डोळे पांढरे झाले की श्रेय त्याला मिळते. दूषित पाण्यातून होणारी बहुतेक कावीळ आपली आपणच जाते, हे त्यामागचे साधे कारण. पण डोळ्यांचा पिवळेपणा गेला म्हणजे ‘बी’ विषाणू गेला असे नसते. तो मुक्काम ठोकून राहू शकतो, आणि रक्त तपासल्याशिवाय ते समजत नाही.

त्या मुक्कामाच्या वर्षांत बीथोव्हेनने काय काय लिहिले पाहा. ७ मे १८२४ रोजी नवव्या सिंफनीचा पहिला प्रयोग झाला. टाळ्यांचा गजर ऐकू न आल्याने तो वाद्यवृंदाकडेच तोंड करून उभा राहिला, तेव्हा गायिका कारोलीन उंगर हिने त्याला हाताला धरून प्रेक्षकांकडे वळवले, हा प्रसंग सर्वश्रुत आहे. पुढच्या वसंतात पोटाच्या आजाराने तो अंथरुणाला खिळला. डॉक्टर ब्राउनहोफर यांनी वाइन, कॉफी, मसाले बंद करायला लावले आणि त्याला बाडेन या गावी हवापालटासाठी धाडले. तिथून त्याने डॉक्टरांना कळवलेल्या लक्षणांत नाकातून रक्त येणे आणि थुंकीतून रक्त पडणे आहे. आजचा डॉक्टर हे वाचून ताबडतोब एंडोस्कोपी आणि रक्त गोठण्याची तपासणी लिहून देईल. बरे वाटल्यावर बीथोव्हेनने आपल्या चौकडीत, म्हणजे चार तंतुवाद्यांच्या रचनेत, दुखण्यातून उठलेल्या माणसाची कृतज्ञता म्हणून एक दीर्घ, संथ भाग घातला. ज्याला यकृताशी देणेघेणे नाही त्यानेही तो एकदा ऐकावा.

१८२६ च्या उन्हाळ्यात त्याचा पुतण्या कार्ल याने पिस्तुलाने आत्महत्येचा प्रयत्न केला. या मुलाचे पालकत्व मिळवण्यासाठी बीथोव्हेन वर्षानुवर्षे भावजयीशी कोर्टात भांडला होता. मुलगा वाचला, काका मात्र खचला. सप्टेंबरच्या अखेरीस दोघे क्रेम्सजवळच्या ग्नाइक्सेनडॉर्फला, धाकट्या भावाच्या मळ्यावर गेले. तिथे बीथोव्हेनची भूक मेली, पाय सुजले, पोट वाढू लागले. डिसेंबरच्या सुरुवातीला दोघे उघड्या गाडीतून व्हिएन्नाला परतायला निघाले. वाटेत खेड्यातल्या खानावळीत शेकोटी नसलेल्या खोलीत एक रात्र काढली. थंडी वाजून ताप भरला. घरी पोचला तो न्यूमोनियाने आजारी.

आधीचे डॉक्टर आले नाहीत. ५ डिसेंबरला वावरुख नावाचे प्राध्यापक-डॉक्टर आले. छाती आठवडाभरात सुधारली. मग एकाएकी उलट्या, जुलाब, थरकाप, अंग पिवळे आणि पोट भराभर फुगू लागले. वावरुख यांनी लिहून ठेवले आहे की आदल्या दिवशी रुग्णाला कशाचा तरी भयंकर संताप आला होता आणि त्यातूनच हे झाले. संतापाने यकृत मरत नाही. आधीच जेमतेम तग धरून असलेले यकृत न्यूमोनियासारख्या जंतुसंसर्गाने कोलमडते, हे मात्र नेहमी दिसते.

२० डिसेंबरला सर्जन झायबर्ट यांनी पोटाला छिद्र पाडून पाणी काढले. भूल नव्हती. ईथरचा वापर व्हायला अजून वीस वर्षे होती, आणि हत्यारे जंतुरहित करण्याची कल्पना त्याहूनही पुढची. पंचवीस पौंड, म्हणजे दहा लिटरांहून जास्त पाणी निघाले. धार उडताना पाहून बीथोव्हेनने सर्जनची तुलना खडकावर काठी मारून पाणी काढणाऱ्या मोझेसशी केली. तेवढी थट्टा त्याला अजून सुचत होती. पुढे जखम चिघळली. ८ जानेवारी, २ फेब्रुवारी आणि २७ फेब्रुवारी असे आणखी तीनदा पाणी काढावे लागले, आणि मधल्या काळात छिद्रातून ते गादीवर झिरपत राहिले.

पोटातून पाणी काढणे आजही होते, तालुक्याच्या रुग्णालयातही. फरक पुढच्या गोष्टींत आहे. काढलेल्या पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत जातो, कारण त्यात जंतू झाले असतील तर लगेच अँटिबायोटिक द्यावे लागते. एका वेळी पाच लिटरांहून जास्त काढले तर शिरेतून अल्ब्युमिन देतात, नाहीतर रक्ताभिसरण कोसळून मूत्रपिंडे बंद पडतात. मीठ कमी करायला सांगतात, लघवीवाटे पाणी काढणाऱ्या गोळ्या देतात. सोनोग्राफीत यकृताचा खडबडीत पृष्ठभाग आणि मोठी प्लीहा दिसते. फायब्रोस्कॅनने यकृत किती कडक झाले ते सुई न टोचता मोजता येते. वावरुख यांच्याकडे यांतले काही नव्हते. त्यांनी नंतर बरीच टीका झेलली, पण हाती होते ते त्यांनी केले.

जानेवारीत डॉक्टर मालफाटी आले. त्यांनी बर्फ घातलेले पंच, म्हणजे मद्याचे सरबत, सुरू केले. रुग्णाला झोप लागली, हुशारी वाटली, तो पुन्हा कामाच्या गोष्टी बोलू लागला. मग पिण्याचे प्रमाण सुटले आणि ते बंद करावे लागले. बर्च झाडाच्या पानांची वाफ देण्याचाही प्रयोग झाला, त्याने सूज आणखी वाढली. मरणाऱ्या यकृताला डॉक्टरांनीच मद्य पाजले, हे आज वाचताना बोचते. पण रुग्ण वाचणार नाही हे मालफाटी यांना बहुधा कळले होते, आणि त्याला थोडे सुख लाभावे एवढाच हेतू असेल तर त्यांना फार दोष देता येणार नाही.

त्या खोलीत येणाऱ्या-जाणाऱ्यांची वर्दळ असे. कार्ल २ जानेवारीला सैन्यात रुजू होण्यासाठी निघून गेला. काका-पुतण्याची पुन्हा भेट झाली नाही. लंडनच्या फिलहार्मोनिक सोसायटीने शंभर पौंड पाठवले. लंडनचेच वीणा बनवणारे योहान आंद्रेआस श्टुंफ यांनी हँडेलच्या संगीताचे चाळीस खंड भेट दिले, आणि अंथरुणात पडल्या पडल्या बीथोव्हेन ते चाळत असे. हे श्टुंफ पुढे पुन्हा येतील. २४ मार्चला धर्मगुरूकडून अंतिम संस्कार झाले. त्याच दिवसापासून शुद्ध हरपत गेली. यकृत जे विष गाळते ते आता मेंदूपर्यंत पोचत होते. २६ मार्च १८२७ च्या संध्याकाळी, विजा कडाडत असताना, तो गेला.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर योहान वॅग्नर यांनी घरीच शवविच्छेदन केले. यकृत निम्म्याने आकसलेले, चामड्यासारखे कडक, हिरवट-निळे, आणि पृष्ठभागावर घेवड्याच्या दाण्याएवढ्या गाठी. प्लीहा दुपटीहून मोठी आणि काळपट. स्वादुपिंड कडक. दोन्ही मूत्रपिंडांत चुनखडीचे खडे. श्रवणाच्या नसा वाळलेल्या. पोटात गढूळ पाणी. आजचा पॅथॉलॉजिस्ट यात फारसे काही वाढवणार नाही. फ्रेंच डॉक्टर लेनेक यांनी या आजाराला सिरॉसिस हे नाव १८१९ मध्ये दिले होते, स्टेथोस्कोपवरच्या आपल्या ग्रंथात. वॅग्नर यांच्या अहवालात ते नाव नाही, पण चित्र तेच आहे.

यकृत सापडले, कारण सापडले नाही. वावरुख यांनी मृत्यूनंतर दोन महिन्यांनी लिहिलेल्या टिपणात रुग्णाला मद्याची आवड असल्याचे सुचवले. बीथोव्हेनचा मदतनीस आणि पुढे चरित्रकार झालेला शिंडलर त्यावर भडकला आणि त्याने ते साफ नाकारले. पण शिंडलर हा भरवशाचा साक्षीदार नाही. बहिऱ्या बीथोव्हेनशी लोक ज्या वह्यांत लिहून बोलत, त्या वह्यांत त्याने नंतर खोट्या नोंदी घुसडल्याचे सिद्ध झाले आहे. एवढे खरे, की बीथोव्हेन जेवणाबरोबर नेमाने वाइन घेत असे, तशी त्या काळच्या व्हिएन्नात पुष्कळ माणसे घेत. त्यांतल्या बहुतेकांचे यकृत असे झाले नाही. मग याचेच का?

उत्तरासाठी केसांकडे यावे लागते. तो गेल्यावर भेटायला आलेल्यांनी आठवण म्हणून त्याच्या बटा कापून नेल्या, इतक्या की कोवळा गेऱ्हार्ड फॉन ब्रॉयनिंग आपल्यासाठी एक घ्यायला गेला तेव्हा काहीच उरले नव्हते. पंधरा वर्षांच्या फर्डिनांड हिलरने नेल्याची म्हणून प्रसिद्ध झालेली एक बट एकविसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर अमेरिकेत तपासली गेली. तिच्यात शिसे फार निघाले, आणि बीथोव्हेन शिशाच्या विषबाधेने मेला अशी बातमी जगभर झाली. त्या काळी हलकी वाइन गोड करायला शिशाचा क्षार वापरत, त्यामुळे गोष्ट पटण्यासारखीही होती.

मार्च २०२३ मध्ये केंब्रिजचे ट्रिस्टन बेग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आठ बटांच्या डीएनएचा अभ्यास प्रसिद्ध केला. पाच बटा एकाच पुरुषाच्या आणि खात्रीच्या निघाल्या. हिलरची बट एका बाईची होती. सर्वांत चांगला डीएनए मिळाला तो श्टुंफ यांच्या बटेतून, ज्यांनी हँडेलचे खंड पाठवले त्यांच्याच. त्यातून तीन गोष्टी कळल्या. पीएनपीएलए-३ या जनुकातला यकृताला धोका वाढवणारा बदल त्याला आई आणि वडील दोघांकडून मिळाला होता. हा बदल दुर्मीळ नाही, भारतातही पुष्कळांत आढळतो, आणि एरवी तो गप्प असतो. शरीरात लोह साठण्याशी संबंधित आणखी दोन बदल होते. आणि मृत्यूपूर्वी निदान काही महिने तरी हेपॅटायटिस बी या विषाणूचा संसर्ग होता, कारण केसांत त्या विषाणूचा डीएनए सापडला. तो जन्माच्या वेळी आईकडून आला की पुढे कधी, हे केस सांगत नाहीत.

म्हणजे आधीपासून नाजूक असलेले यकृत, त्यावर विषाणू आणि त्यावर रोजची वाइन. यांतले एकेक असते तर कदाचित तो निभावून गेला असता. तिन्ही मिळाल्यावर पेशी मरण्याचा वेग नव्या पेशी येण्याच्या वेगाला मागे टाकतो. २०२४ मध्ये दोन खात्रीच्या बटांतले शिसेही मोजले गेले. एक ग्रॅम केसात चार मायक्रोग्रॅमपर्यंत चालते, तिथे एकीत २५८ आणि दुसरीत ३८० निघाले. चुकीच्या केसांवरून मांडलेली गोष्ट निम्मी खरी ठरली. एवढ्या शिशाने एकट्याने जीव जात नाही, पण पोटाच्या कळांमागे आणि कानांमागे त्याचा हात असू शकतो.

हेपॅटायटिस बी विषाणूचा माग लागला तो १९६० च्या दशकात, अमेरिकेतल्या बारूक ब्लुम्बर्ग यांच्या कामातून. त्यासाठी त्यांना १९७६ मध्ये नोबेल मिळाले. आज त्याची पहिली लस बाळाला जन्मानंतर चोवीस तासांच्या आत सरकारी रुग्णालयात मोफत देतात. प्रसूतीपूर्वी आईची एचबीएसएजी ही तपासणी होते. मोठेपणी निदान झाले तर टेनोफोविर किंवा एन्टेकाविरची रोज एक गोळी विषाणूला दाबून ठेवते, आणि पेशी मरणे थांबले की पुष्कळदा व्रणही मागे हटतो. ही तपासणी न करण्याचे एक कारण लाज हेही असते. रिपोर्ट वाईट आला तर लोक पिणारा समजतील, ही भीती.

बीथोव्हेनने १८०२ च्या कागदात ज्या आजाराचे वर्णन मागितले होते तो मुख्यतः कानांचा. जनुकांत बहिरेपणाचे कारण सापडले नाही. वॅग्नर यांनी शवविच्छेदनाच्या वेळी दोन्ही कानांभोवतीची हाडे पुढच्या तपासणीसाठी काढून बरणीत ठेवली होती. ती नंतर हरवली.